घनता वाढली, फ्रॅक्चर कमी झाले का?

ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा ठिसूळ हाडांचा जन्मजात आजार साधारण १५ ते २० हजारांत एकाला होतो. बहुतेकदा दोष टाइप १ कोलॅजेनच्या जनुकांत असतो. देऊळघाटच्या आमच्या घरात हा आजार आहे. अशा बाळाचा लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर करत नाहीत. कमरेखाली तळहात सरकवून उचलतात. उपचार म्हणजे ठरावीक महिन्यांनी बिस्फॉस्फोनेटचे सलाइन, फिजिओथेरपी आणि गरज पडल्यास मांडीच्या हाडात रॉड. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणातही या आजारापुढे बिस्फॉस्फोनेटच लिहिले आहे. धोरणाखालचे आमच्यासाठीचे केंद्र मुंबईत परळचे केईएम रुग्णालय. तिकडे जायचे तर बुलढाण्यावरून मलकापूर गाठून रेल्वे धरायची. साहजिकच नव्या औषधाची बातमी आली की घरात एकच प्रश्न निघतो: मान्यता मिळेल का?

अंदाज बांधताना चाचणीत नेमके काय मोजले, ते आधी बघावे. याच आजारासाठी तपासले गेलेले सेट्रुसुमॅब हे नवे औषध स्क्लेरोस्टिनला अडवते. स्क्लेरोस्टिन हाडाच्या बांधणीला लगाम घालणारे प्रथिन. ते अडले की हाड भरते. चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात २४ रुग्णांत वर्षाकाठचे फ्रॅक्चर ६७ टक्क्यांनी घटले आणि हाडांची घनताही वाढली. आकडा मोठा, पण तुलना रुग्णांच्या स्वतःच्याच मागच्या काळाशी होती. सतत हाडे मोडल्याच्या काळानंतर औषधाविनाही थोडी उसंत मिळते, हे अशा घरांना चांगले ठाऊक असते. शिवाय फ्रॅक्चर मोजणे दैवाधीन: ओल्या मोरीत एक पाय घसरला की आकडा बदलला.

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने सेट्रुसुमॅबला ‘ब्रेकथ्रू थेरपी’ दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मान्यता नव्हे. जुलै २०२५ मध्ये मधल्या तपासणीनंतर तिसऱ्या टप्प्यातली चाचणी पुढे चालू ठेवायचे ठरले. परिणाम ठळक असता तर ती तिथेच संपली असती. डिसेंबर २०२५ मध्ये निकाल आला. प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ डोसशी, तुलना करणारी ‘ऑर्बिट’ आणि बिस्फॉस्फोनेटशी तुलना करणारी ‘कॉस्मिक’, दोन्हींत घनता वाढली, पण फ्रॅक्चरमधली घट सांख्यिकी कसोटीला उतरली नाही.

हाडांच्या इतर आजारांवरच्या औषधांत उंची खुंटवणाऱ्या अकाँड्रोप्लाझियावरच्या व्होसोरिटाइडचे गणित सोपे होते. १२१ मुलांच्या चाचणीत उंची वाढण्याचा वेग प्लासिबोपेक्षा वर्षाला १.५७ सेंटिमीटर जास्त भरला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. उंची पट्टीवर दिसते. स्नायूंचे हाड होणाऱ्या एफओपीवरच्या पॅलोव्हॅरोटीनला मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेने होकार दिला, तर त्याच वर्षी युरोपने नकार. काही मुलांत हाडांची वाढ अकाली थांबली होती. फायदा पुरेसा सिद्ध झाला का आणि दुसरे औषध नसताना तो धोका पत्करायचा का, यावर मतभेद झाले.

भारतात चाचणीत कुणी बोलावले, तर तिची सीटीआरआय या चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद आहे का ते आधी तपासा, आणि नव्या औषधाच्या भरवशावर चालू सलाइन डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.