भेकराचा गंध

नाणेघाटाच्या व्यापारावर वाढलेल्या जुन्नरनजीक मानमोडीच्या डोंगरात अंबा-अंबिका लेणी आहेत. मूळच्या या बौद्ध लेण्यांत पुढे जैन शिल्पे कोरली गेली. अंबिका ही भगवान नेमिनाथांची शासनदेवी. विवाहाच्या भोजनासाठी कोंडलेल्या हरणांचा आक्रोश ऐकून नेमिकुमारांनी रथ माघारी वळविला, ती कथा येथे सहजच आठवते.

जुन्नरच्या दक्षिणेस, आंबेगाव तालुक्यात, भीमाशंकरचे अभयारण्य लागते. त्या दाट रानात भेकर वावरते. डोळ्यांजवळील ग्रंथींचा स्राव जमिनीवर व झुडपांवर घासून ते आपली हद्द आखते. हा त्याचा स्वजातीयांना निरोप असतो. अमेरिकेतील काही शिकारी मारलेल्या हरणाच्या पायांवरील गंधग्रंथी कापून टांगतात आणि त्या वासाने दुसऱ्या हरणास बंदुकीच्या टप्प्यात आणतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भेकराची शिकार निषिद्ध आहे. तरीही हिमालयातील कस्तुरीमृग आपल्या ग्रंथीपायी आजही चोरट्या शिकारीला बळी पडतो; कारण कस्तुरीला गिऱ्हाईक आहे.

नेमिकुमारांनी स्वतः शस्त्र उचलले नव्हते. आपल्या निमित्ताने जीव जाणार, एवढेच त्यांना पुरेसे वाटले. कस्तुरीची कुपी विकणाऱ्याने आणि घेणाऱ्याने मानमोडीच्या पायऱ्यांवर क्षणभर थांबून हेच स्मरावे.