बर्फीचं डाएट

माझ्या ग्रुपमधल्या मंडळींनी पहिल्या मोठ्या बोनसचं काय केलं, सांगू? एकाने हिंजवडीत टू-बीएचके बुक केला. एक जण बाली फिरून आली. एकाने बुलेट घेतली. आणि मी? मी तट्टू घेतलं. खरंखुरं, चार पायांचं. पांढरं, जाडजूड आणि वर लंगडं!

हसून झालं असेल तर पुढे वाचा.

झालं असं, की २०२२ च्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नाला वणीला गेले होते. वणी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातलं माझं गाव. कोळशाचे ट्रक, जवळच राजूरच्या चुनाभट्ट्या आणि मे महिन्यात डोकं भाजून काढणारं ऊन. वरात निघाली, डीजे दणाणला. नवरदेवाची घोडी बुटकी आणि गोल गरगरीत. जो तो म्हणत होता, 'तब्येत पाहा काय मस्त आहे!' मला मात्र तिचं उभं राहणं विचित्र वाटलं. पुढचे दोन्ही पाय पुढे ताणलेले, सगळा भार मागच्या पायांवर. जणू कोणी तापल्या तव्यावर उभं केलंय. चालताना दर पावलाला मान खाली-वर. मी भावाला अर्ध्या रस्त्यात खाली उतरवलं. काकू अजून त्यावरून बोलतात.

दुसऱ्या दिवशी मालकाला गाठलं. माणूस वाईट नव्हता. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत वराती जवळजवळ बंद, घोडी दारात बांधलेली. त्याने तिला उपाशी ठेवलं नाही, उलट लाडच केले. चण्याची चुनी, गूळ, शिळ्या पोळ्या. ''ताई, आता हिचं काई खरं नाही, विकून टाकतो,'' तो म्हणाला. कोणाला विकणार, ते मी विचारलं नाही. अठरा हजार मोजले आणि दोरी हातात घेतली. एवढा झटपट निर्णय मी मोबाइल घेतानासुद्धा केला नव्हता.

घरी बाबा दारातच उभे. वेकोलितून रिटायर झालेले, दिवसभर पेपर आणि टीव्ही.

''काहून आणलं हे?''

''बाबा, ती लंगडते.''

''मंग लंगडं आणाचं असते का घरी?''

पण संध्याकाळी पाहते तर आजोबांची बैलजोडी गेल्यापासून रिकामा पडलेला गोठा धुऊन लख्ख, आणि बाबा तिच्या मानेवरून हात फिरवत होते. ''पांढरी आहे, गोड आहे. बर्फी म्हणू,'' ते म्हणाले. नाव ठेवलं की संपलं, तिथेच ती आमची झाली.

डॉक्टर आले. त्यांनी खुराला हात लावला, गरम होता. खुराच्या वर नाडी चाचपली, ती जोरात उडत होती. मानेवर चरबीचा कडक पट्टा, खुरांवर आडव्या वळ्या. म्हणाले, ''पाय मुरगळलेला नाही. लॅमिनायटिस आहे. रोग पायात दिसतो, पण आला आहे तोंडातून.''

मग त्यांनी समजावलं. घोड्याच्या पायाचं शेवटचं हाड खुराच्या आत टांगलेलं असतं. दोन पुस्तकांची पानं एकमेकांत गुंतवावीत तशा नाजूक पापुद्र्यांनी ते खुराच्या भिंतीला धरलेलं असतं. साखर आणि स्टार्च सतत पोटात गेलं की रक्तातलं इन्शुलिन चढून राहतं आणि ही पकड सैल होते. मग अंगाचा भार हाडाला खाली ओढतो. खूर कडक, त्यामुळे सूज आली तरी पसरायला जागा नाही. बोट दारात चेंगरल्यावर नखाखाली जे होतं, ते तिला दर पावलाला होत होतं. अमेरिकेत १९७३ चा ट्रिपल क्राउन जिंकलेला सेक्रेटेरियट, एवढा मोठा घोडा, पण १९८९ मध्ये याच रोगामुळे त्याला कायमचं झोपवावं लागलं.

आणि तट्टांना हा धोका जास्त. महाराष्ट्राने २०२३ मध्ये राज्यगीत केलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा'मध्ये भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे, आठवतंय ना? तट्टू म्हणजे कोरडं गवत खाऊन डोंगर चढणारा गडी. थोडक्यात भागवायची शरीराला सवय. अशाला आयतं आणि गोड मिळालं, की तेच त्याच्या अंगावर येतं.

उपचार ऐकून मी खूश झाले, कारण त्यात आकडे होते! शिवणकामाच्या टेपने मोजायचं: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, भागिले ११८७७. मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोत. घेर १५२, लांबी १३०. बर्फी भरली २५३ किलो. रोज वजनाच्या दीड टक्का कोरडं गवत, म्हणजे पावणेचार किलोच्या आसपास. तेही तासभर पाण्यात भिजवून आणि ते पाणी फेकून, म्हणजे गवतातली साखर उतरते. चुनी बंद, गूळ बंद, पोळी बंद. पण उपाशी ठेवायचं नाही हं! जाड तट्टू एकदम उपाशी राहिलं तर रक्तात चरबी उतरून जिवावर बेततं. गोठ्यात रेतीचा जाड थर. दर काही आठवड्यांनी खूर कापणं. चरायला सोडलं तर तोंडाला मुसकं, डवरणीच्या वेळी बैलांना बांधतात ना, तसंच. फक्त खाली छोटं भोक, चार काड्या मिळण्यापुरतं.

मी एक्सेल शीट केली, तिची प्रिंट गोठ्यात लावली आणि पुण्याला निघून आले. रोज व्हॉट्सअॅपवर विचारणा: 'गवत किती? भिजवलं?' बाबांचा अंगठा वर. मी निवांत. प्रोजेक्ट ऑन ट्रॅक!

जुलैत पाऊस लागला, धुऱ्यावर हिरवं गवत आलं. ऑगस्टच्या शेवटी पोळा. विदर्भात पोळा म्हणजे काय, ते बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. बैलाला आदल्या दिवशी जेवणाचं आवतण असतं. आमच्याकडे बैल नव्हते, म्हणून शेजारपाजारच्यांनी बर्फीलाच ओवाळलं. प्रत्येकीच्या ताटात पुरणपोळी.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. ''बर्फी खाली बसली आहे. उठतच नाही.''

मी ट्रॅव्हल्सने रात्रभर आणि वर अर्धी सकाळ प्रवास करून पोहोचले. बर्फी रेतीत आडवी होती, श्वास जोरात, डोळे अर्धवट मिटलेले. बाबा बर्फाची लादी फोडून घमेल्यात टाकत होते आणि तिचे पाय त्यात धरत होते. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं होतं. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, ''हाड तळव्यातून बाहेर आलं, तर तिला शांतपणे जाऊ देणं हाच उपाय राहील. तयारी ठेवा.''

त्या रात्री आईने सांगितलं. पुरणपोळी निमित्त होती. बाबा मे महिन्यापासून रोज संध्याकाळी गुळाचा एक खडा खिशात घेऊन गोठ्यात जायचे. अर्धा तिला, अर्धा स्वतः. बाबांना बारा वर्षांपासून शुगर आहे.

मी चिडले. खूप बोलले. ''बाबा, तुम्ही शीट वाचली नाही का? एवढं सांगून गेले होते मी!''

बाबा बराच वेळ बर्फ ढवळत राहिले. मग म्हणाले, ''तू सांगून गेली. मी इथं असतो. ती रोज वाट पाह्यते माझी. तिले काय देऊ मग?''

मला उत्तर सुचलं नाही. मागच्या दिवाळीला मी बाबांना पुण्याहून मिठाईचा दोन किलोचा बॉक्स कुरियर केला होता. त्याच्या मागच्या वर्षीही. मला त्यांची शुगर माहीत नव्हती का? चांगली माहीत होती. पण दिवाळीला सुट्टी मिळत नव्हती आणि काहीतरी पाठवल्याशिवाय चैन पडत नव्हतं. माझाही तो गुळाचा खडाच होता. फरक इतकाच, की बाबा निदान तो स्वतः गोठ्यात नेऊन द्यायचे.

बर्फी चौथ्या दिवशी उठली. तीन आठवड्यांनी पाय शांत झाल्यावर पिकअपमध्ये रेती टाकून तिला नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. एक्स-रेत हाड थोडं फिरलेलं दिसलं, पण तळवा शाबूत होता. डॉक्टर म्हणाले, नवा खूर वरून खाली उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. तेवढा धीर असेल, तर चान्स आहे.

धीर! आमच्या पिढीला लिफ्ट यायला उशीर झाला तरी चालत नाही. तरीही मी दर महिन्याला वणीला जायला लागले. चार दिवस घरून काम, गोठ्याशेजारी खुर्ची टाकून. कॉलवर कधी घोडी खिंकाळली की टीमला सवय झाली. कुरियर बंद केलं. बाबांसोबत सकाळी निर्गुडेच्या बाजूला चालायला जायला लागले. थंडी सरल्यावर बर्फीही सोबत आली, आधी पन्नास पावलं, मग शंभर.

२०२३ चा पोळा अधिक महिन्यामुळे सप्टेंबरात आला. टेप लावली. घेर १४२, वजन २२१ किलो. खुराच्या जुन्या वळ्या कापून गेल्या होत्या. ती किंचित लंगडते अजून, आणि लंगडणारच. तिच्यावर आता कोणी बसत नाही. बाबांची शुगर किती उतरली, ते विचारू नका. आमचं त्यावर अजून भांडण चालू आहे.

त्या दिवशी शेजारच्या काकू ताट घेऊन आल्या. बाबांनी बर्फीच्या कपाळाला हळद-कुंकू लावू दिलं, पुरणपोळी मात्र हसून परत केली. संध्याकाळी ते सवयीने गोठ्यात गेले, मी दारातून पाहत होते. त्यांनी रिकामा तळहात तिच्यापुढे धरला. तिने हुंगला, चाटून पाहिला. काहीच मिळालं नाही. मग तिने मान त्यांच्या खांद्यावर टेकवली आणि अंधार पडेपर्यंत तशीच उभी राहिली, चारही पायांवर.