दादांचा प्लॉट

आमचे दादा माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे. नोकरीची शेवटची बारा वर्षे त्यांनी राजस्थानात बाडमेरला काढली, आणि निवृत्त झाल्यावर बरोबरीची सारी बिऱ्हाडे पुण्याकडे परतत असताना त्यांनी मात्र तिथेच राहायचे ठरवले. कारण दमा. पुण्याच्या पावसाळ्यात उशीला टेकून बसून काढलेल्या त्यांच्या रात्री मी लहानपणापासून पाहिल्या आहेत. बाडमेरच्या कोरड्या हवेत ते बारा वर्षे आडवे होऊन झोपले. तेव्हा गावाबाहेरच्या एका गृहरचना संस्थेत त्यांनी प्लॉट पाहिला, विसार दिला; फंडातली उरलेली रक्कम दिवाळीनंतर भरायची होती. "अरे, इथे पाऊस नाही, ओल नाही. जमीन कशी ठणठणीत!" असे ते फोनवर म्हणाले.

हे मी सहज स्टाफरूममध्ये बोललो आणि फसलो. आमच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना कॉलेजात सगळे प्रेमाने 'दगडोबा' म्हणतात. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"जमीन पाहिली कुणी?"

"दादांनी."

"त्यांनी वरून पाहिली," दगडोबा म्हणाले. आणि दिवाळीच्या सुट्टीत स्वारी एक हातोडी, एक भिंग आणि माझ्या मंडळींनी दिलेला चिवड्याचा डबा घेऊन माझ्याबरोबर गाडीत बसली.

पहिले दोन तास त्यांनी काहीच केले नाही. नुसते चालले. बाडमेर गावाच्या पाठीशी तांबूस डोंगर आहेत, ज्वालामुखीच्या जुन्या लाव्ह्याचे. वय म्हणाल तर सुमारे पंचाहत्तर कोटी वर्षे. त्यापुढे आपल्या सह्याद्रीचा साडेसहा कोटींचा दगड म्हणजे कालचे पोर. संस्थेच्या जमिनीचे वरचे अंग याच खडकाच्या चढावर होते. तिथे गोटे असे दाटीने बसले होते, की कुणी फरशी केली असावी. बारीक माती वाऱ्याने नेली, गोटे राहिले. आणि त्यांच्या उघड्या अंगावर काळपट चकाकी चढली होती. "ही चकाकी चढायला हजारो वर्षे लागतात," दगडोबा म्हणाले. "म्हणजे तितका काळ ही जागा कुणी हलवलेली नाही." बोटीवरून उतरलेल्या माणसाने धक्क्यावर पाय ठेवावा तसे ते त्या गोट्यांवर उभे राहिले.

दादांचा प्लॉट अर्थात् खालच्या अंगाला होता. सपाट, भुरभुरीत, दिसायला फार देखणा. तिथे एका केराच्या झुडपात गुडघाभर उंचीवर काटक्या आणि शेळ्यांच्या लेंड्या अडकल्या होत्या, सगळ्या एकाच बाजूने.

"हे कुणी केले?"

"वाऱ्याने," दादा म्हणाले.

"वारा लेंड्या अशा ओळीने लावत नाही."

मग दोन मजूर बोलावून खड्डा खणला. छातीइतक्या खोलीवर पांढरा थर लागला. दादांची कळी खुलली. "चुनखडी! पाया पक्का!" दगडोबांनी तिथल्याच एका विद्यार्थ्याकडून सौम्य आम्लाची बाटली मिळवली होती. चुन्याचा कंकर असता तर थेंब पडताच फसफसला असता. हा थर गप्प राहिला. मग त्यांनी नखाने ओरखडा काढला, सहज उठला. "जिप्सम," ते म्हणाले. त्यांच्या वर्गातल्या मुलांना हा शब्द परीक्षेपुरता माहीत असतो. मला तो त्या दिवशी भावाच्या तोंडावर वाचता आला.

खड्ड्यात त्यांनी दहा-बारा बादल्या पाणी ओतायला लावले. वरच्या मातीच्या भिंती बघता बघता ढासळल्या. वाऱ्याने आणून टाकलेली ही माती कोरडी असेपर्यंत विटेसारखी उभी राहते. भिजली की कणाकणांतला बंध सुटतो आणि ती खचते. "पण इथे पाऊस पडतो कुठे?" दादा म्हणाले. दगडोबा हसले. "वाळवंटात घर बांधले की पहिला पाऊस मोरीतून पडतो." तोवर दादांच्या घराला कालव्याचे पाणी नळाने येऊ लागले होते, त्यामुळे यावर बोलायला जागा नव्हती. जिप्समचे पाणी सिमेंटलाही खाते, हे त्यांनी हळूच, जणू दोष त्यांचाच असल्यासारखे सांगितले.

संध्याकाळी आम्ही परत गेलो तेव्हा पाणी खड्ड्यात तसेच होते. एक म्हातारा धनगर शेळ्या घेऊन चालला होता. तो थांबला, आत डोकावला आणि एवढेच म्हणाला, "कवास."

कवास हे बाडमेरजवळचे गाव. ऑगस्ट २००६ मध्ये तिथे काही दिवसांत वर्षाच्या सरासरीहून कितीतरी जास्त पाऊस कोसळला. पूर आला हे एक वेळ समजू. पण तो जाईना. वाळूखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना, आणि घरे आठवडेच्या आठवडे पाण्यात उभी राहिली. दादा बाडमेरला आले ते त्यानंतर. गंमत अशी, की याच थराने या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या जगवले आहे. जिथे खडियाची पट्टी लागते तिथेच लोक चिंचोळी कुई खणतात. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात न मिसळता त्या पट्टीवर थांबते आणि थेंबथेंब गोड झरते. जिथे कुई खणायची तिथे आम्ही घर बांधायला निघालो होतो.

रात्री जेवणावर कुणी बोलले नाही. शेवटी दादांनी विचारले, "जोते चार फूट उचलले तर?"

"जोते उचलाल, मोरीचे पाणी कुठे उचलाल?"

वरच्या अंगाला दोनच प्लॉट उरले होते, लहान आणि दीडपट महाग. वहिनी ताटे उचलता उचलता म्हणाल्या, "मग दोनच खोल्या बांधू. आपल्याला कोण नाचायचंय?" दादांनी खिशातून विसाराची पावती काढली, उलटसुलट करून पाहिली आणि दगडोबांकडे वळले.

"सर, उद्या वरही एक खड्डा खणून पाहायचा का?"