परड्यातली वाट

२०२१ च्या जुलैत पंचगंगा ५६ फुटांवर गेली. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ओढ्याकाठच्या आमच्या जुन्या घरात २००५ ला आणि २०१९ लाही पाणी शिरलं होतं. या वेळी मातीच्या भिंतीच बसल्या.

घर नव्यानं बांधायचं ठरलं तेव्हा मी पूररेषेचा नकाशा पहिल्यांदा नीट बघितला. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथून लाल रेषेपर्यंत नियंत्रित. आमची जागा निळ्या रेषेच्या थोडी बाहेर. १६ वर्षांत तीनदा घरातला चिखल उपसलेल्या आईला ही सरासरी समजावून सांगणं मला जमलं नाही.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनं नियंत्रित क्षेत्रात बांधकामाची वाट ठेवली आहे: लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच बांधा. मी तेच केलं. जोत्याबरोबर मागचं परडंही मुरूम टाकून उचललं, भोवती भिंत घातली. डंपर रिकामा होत होता तेव्हा पलीकडच्या आक्का येऊन उभ्या राहिल्या.

"तुझ्या परड्यातनं जाणारं पाणी आता कुठनं जायचं रे?"

"परवानगी घेतलीय, आक्का," मी म्हणालो. त्यांनी विचारलं होतं ते वेगळंच.

२०२४ च्या जुलैत नदीनं पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. ओढा तुंबला, गल्लीत गुडघाभर पाणी आलं. आमचं घर कोरडं होतं. एरवी असं पाणी आमच्या परड्यातून उतारानं ओढ्याकडं निघून जायचं. या वेळी नदी ओसरली, ओढा मोकळा झाला, तरी आक्कांच्या उंबऱ्यात ते तीन दिवस उभं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांची भिजलेली ज्वारी मी आमच्या गच्चीवर वाळत घातली, तेव्हा त्यांच्याकडं बघवेना.

माझ्या परवानगीच्या कागदावर जोत्याची उंची होती. पण माझ्या जागेत मावणारं, तिथून वाहून जाणारं पाणी पुढं कुणाच्या दारात जाईल, याचा एकही रकाना त्यात नव्हता. नियमानं माझं घर वाचवलं. त्यानं गल्लीही मोजायला हवी. पूररेषेतल्या प्रत्येक परवानगीआधी पाण्याची वाट बघितली जावी आणि शेजाऱ्यालाही विचारलं जावं, हे मी आता प्रत्येक ठिकाणी मांडतो.

पुढच्या उन्हाळ्यात मी भिंत फोडली, भराव कापून परड्याच्या कडेनं चर खणली. ती कुठून न्यायची, ते आक्कांनी काठीनं जमिनीवर आखून दिलं.