एकटीसाठी कुठे कुकर लावायचा?

माझ्या पुण्यातल्या दवाखान्यात एकटे राहणारे ज्येष्ठ ‘मन लागत नाही’ म्हणून क्वचितच येतात. येतात ते छातीत धडधड, पोट साफ न होणं, पायांची आग अशा तक्रारी घेऊन. हातातल्या कापडी पिशवीत ईसीजी, सोनोग्राफीचे कागद. ‘सगळं नॉर्मल आहे’ हे ऐकून ते आणखीच धास्तावलेले असतात. उतारवयातलं नैराश्य असं दुखण्यांआडून येतं. पण ते तपासणाऱ्या ‘जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल’ या प्रश्नावलीत शारीरिक तक्रारी मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. कारण सत्तरीत दुखतं सगळ्यांचंच.

मी आधी जेवणाचं विचारते. ‘काल रात्री काय केलं होतंत?’

‘एकटीसाठी कुठे कुकर लावायचा, डॉक्टर? दूध-पोळी खाल्ली.’

मग झोप. पहाटे तीनला जाग येते, पुन्हा डोळ्याला डोळा लागत नाही, सकाळ नकोशी होते, संध्याकाळी जरा बरं वाटतं, असं कुणी सांगितलं की मला नैराश्याची दाट शंका येते. चिंता वेगळी दिसते. गॅस बंद केलाय का हे परतपरत पाहणं. आत पडलो तर कोण उघडणार, म्हणून कडी न लावता आंघोळ करणं.

‘वय झालं की असं व्हायचंच’ या वाक्याचा मला मनापासून राग येतो. थायरॉइड, बी-१२ यांची तपासणी करावी, चालू औषधं पाहावीत. नैराश्यात विसराळूपणाही येतो आणि घरचे त्याला डिमेन्शिया समजून बसतात. हे सगळं वयाच्या खाती टाकलं की उपचारच राहून जातात.

त्याहून काळजी वाटते ती अल्प्राझोलामच्या अर्ध्या गोळीची. कुणीतरी कधीतरी झोपेसाठी लिहून दिलेली, वर्षानुवर्षं चालू राहिलेली. तिने तोल जातो, रात्री बाथरूमला उठताना माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं. ती एकदम बंद करणंही धोक्याचं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. नैराश्याची औषधं वेगळी. ती आम्ही कमी मात्रेत सुरू करतो, सुरुवातीला रक्तातलं सोडियम तपासतो. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात, या वयात कधी जास्तही. हे आधी सांगितलं नाही तर दहाव्या दिवशी पेशंट गोळ्या सोडतो.

‘देवानं आता न्यावं’ हे बोलणं भजनातलं समजून सोडू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

परदेशातल्या मुलांना एक सांगते. रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल येणार म्हणून आई इस्त्रीची साडी नेसून, खिडकीच्या उजेडात बसते. ‘बरी आहेस ना?’ विचारलंत तर ‘हो’च म्हणेल. त्याऐवजी काल रात्री काय शिजवलं ते विचारा, आणि मधल्या वारीही फोन करा.