डोळ्यात दिसलेली किडनी

माझ्या किडनीचं दुखणं पहिल्यांदा दिसलं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनच्या गावभागातल्या एका दवाखान्यात गेलो होतो. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून त्यांनी आतला फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. नारिंगी गोल, त्यावर फांद्यांसारख्या पसरलेल्या लाल रेषा आणि मधूनच टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके.

"साखरेचा त्रास किती वर्षं?"

"सात-आठ."

"रक्तदाब?"

"थोडासा."

हे 'थोडासा' बाईंनी काही लिहून घेतलं नाही. "किडनी?" म्हणाल्या. क्रिएटिनिन दर वर्षी नॉर्मल येतं, मी सांगितलं. "आणि लघवीतलं अल्ब्युमिन?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शरीर न कापता बारीक रक्तवाहिन्या थेट बघता येतात अशी जागा म्हणजे डोळा. इथे त्या गळायला लागल्या असतील तर किडनीतल्याही तपासायला हव्यात, एवढं बोलून त्यांनी माझ्या फॅमिली डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली. बाहेर आलो तर थेंबांमुळे डोळे दिपलेले. आमच्या या श्रीमंत गावात रस्त्यावरचे झेब्रा पट्टे इटलीतल्या कराराच्या संगमरवराचे आहेत. त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

मी चाकणचा माणूस. गाड्यांच्या धंद्यातला, म्हणून इथे आलो. १९१५पासून इथे डाइमलरचा, म्हणजे आताच्या मर्सिडीजचा कारखाना आहे आणि निम्मं गाव कुठल्या ना कुठल्या नात्याने त्याच्याशी जोडलेलं. पुण्यात असताना दर वर्षी पॅकेजवाली तपासणी करून घ्यायचो. क्रिएटिनिन ठीक, लघवीच्या पट्टीवर प्रोटीन 'निल'. अडचण अशी, की क्रिएटिनिन हलायला लागतं तोवर किडनीचं बरंच काम गेलेलं असू शकतं, आणि अल्ब्युमिनची सुरुवातीची बारीक गळती साध्या पट्टीला कळतच नाही. त्यासाठी लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी गुणोत्तर मोजावं लागतं. एका ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. माझं १८० आलं. गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, ५४. एकदा बिघडलेल्या आकड्यावरून जुनाट आजार ठरवत नाहीत, तीन महिने तो टिकावा लागतो. टिकला.

मग बोब्लिंगेनच्या बाजूला किडनीतज्ज्ञ बाईंकडे रवानगी झाली. किडनी म्हणजे गाळणी, एवढंच शाळेत शिकलो होतो. बाईंनी कागदावर काढलं ते भलतंच निघालं: एक जाड नळी आत येते, तिचा केसाहून बारीक वाहिन्यांचा गुंता होतो, आणि एक नळी बाहेर पडते. एका किडनीत असे सरासरी दहा लाख गुंते. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळपास पाचवा हिस्सा दोन्ही किडन्यांतून जातो. या गुंत्याच्या आतल्या अस्तराला साखर, रक्तदाब आणि चरबी यांनी खरचटलं, की अल्ब्युमिन बाहेर गळतं. पण अस्तर सगळीकडे तेच. किडनीत गळतंय तर हृदयाच्या आणि मेंदूच्या वाहिन्यांचीही तब्येत बरी नसणार, हा विचार डेन्मार्कच्या स्टेनो केंद्रातल्या डॉक्टरांनी १९८९मध्येच मांडला होता.

हे अस्तर निरोगी असलं की नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतं, त्याने वाहिनी सैल पडते. या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. इन्सुलिनही वाहिन्या उघडायला त्याचीच मदत घेतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की तेही बिनसतं. उलट किडनी मंदावली की तो वायू अडवणारी द्रव्यं रक्तात साठतात. म्हणजे साखर वाहिन्यांना बिघडवते, वाहिन्या किडनीला, आणि किडनी पुन्हा वाहिन्यांना. मी घाबरत घाबरत डायलिसिसचं विचारलं. बाई म्हणाल्या, "तुमच्या टप्प्यावरच्या माणसाला डायलिसिसपेक्षा हृदयविकाराचा धोका जास्त असतो. आपण दोन्हींसाठी एकच उपाय करणार आहोत."

वजनाचं मात्र जरा वाजलं. इथल्या तक्त्याप्रमाणे बीएमआय २५च्या आत म्हणजे नॉर्मल, आणि मी २४.५. मी त्यांना पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा फोटो दाखवला. २००४मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्या फोटोत ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि टेप काढून माझी कंबर मोजली. ९६ सेंटीमीटर, आपल्या पुरुषांना ९०च्या आत हवी. कृश हातपाय आणि पोटात चरबी, हा आपल्याकडचा घरोघरचा नमुना आहे, आणि जर्मन वजनकाट्याला तो कळत नाही.

औषधं दोन वाढली. एक रक्तदाबाचं, गुंत्यातला दाब उतरवणारं. दुसरं एम्पाग्लिफ्लोझिन. या दुसऱ्याचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे, हे कळल्यापासून आमच्या गावाभोवतालच्या सफरचंदाच्या बागांतून फिरताना मला उगाच आपलेपणा वाटतो. सालीतलं फ्लोरिझिन १८३५मध्ये वेगळं काढलं गेलं. १८८६मध्ये ऱ्हाइनपलीकडच्या स्ट्रासबुर्गला योझेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं तर त्यांच्या लघवीतून साखर जायला लागली. त्याच वंशातली आजची गोळी. २०२२मध्ये आलेल्या सुमारे ६६०० रुग्णांच्या चाचणीत तिने किडनी खालावण्याचा किंवा हृदयविकाराने मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी घटवला.

गोळी सुरू झाल्यावर पुढच्या तपासणीत ईजीएफआर ५४वरून ५०वर उतरला. मी रिपोर्ट पुण्याला दादाला पाठवला आणि अर्ध्या तासात फोन.

"बंद कर ती गोळी! किडनी सुधारायला दिलीय की घालवायला?"

"अरे, ते अपेक्षितच आहे म्हणाल्या."

"असं सगळेच म्हणतात."

त्याचा राग मला समजतो, पण बाईंचंच बरोबर होतं. गोळीमुळे लघवीत साखर आणि सोडियम जास्त जातं, ते ओळखून किडनी आत येणारी नळी थोडी आवळते आणि गुंत्यातला दाब उतरतो. आकडा आधी जरा घसरतो, पुढे टिकून राहतो. माझा अजून ५०च्या आसपास आहे आणि अल्ब्युमिनचं गुणोत्तर १८०वरून ७०वर आलंय. दादाने तडजोड म्हणून सैंधव सुचवलं. सैंधवातही सोडियमच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं आणि माझ्या रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते चांगलंच महागात पडू शकतं. थोडक्यात, मीठ बदलायचं नाही, कमी करायचं.

ते मात्र अवघड. पापड-लोणचं ताटाबाहेर गेलं त्याचं दुःख समजण्यासारखं आहे. पण इथला ब्रेड गोडसर लागूनही पाकिटावर शंभर ग्रॅममागे १.२ ग्रॅम मीठ लिहिलेलं असतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत राहायचं म्हटल्यावर ब्रेत्सेलवरचे मिठाचे खडे मी नखाने खरवडून काढतो आणि कँटीनमधली मंडळी बघत बसतात. आषाढीच्या उपासाला बाईंना विचारून ती सालीची गोळी थांबवतो, कारण पोट रिकामं असताना तिने रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या-जुलाबातही तेच. कंबर दुखली तरी औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी आयबुप्रोफेन घेत नाही. जेवणानंतरची शतपावली थंडीतही सोडलेली नाही.

तुम्हाला किंवा घरात कुणाला साखर किंवा रक्तदाब असेल, तर पुढच्या वेळी रक्त द्यायला जाताना सकाळच्या लघवीचा नमुनाही न्या आणि अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर काढायला सांगा. पॅकेजमध्ये नसेल तर वेगळे पैसे भरून करा. ३०च्या वर आलं तर "क्रिएटिनिन नॉर्मल आहे" या उत्तरावर घरी परतू नका.