उत्तराचा आकार

चार पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी दिल्या असता ज्या प्रोग्रॅमने चार चौकटींत चार आलेख बिनतक्रार रेखाटले, त्याच प्रोग्रॅमने पुढे एकाच केंद्राची नोंद हाती येताच, म्हणजे काम वस्तुतः सोपे झाले असता, चौकट ‘सबस्क्रिप्टेबल’ नसल्याची फिर्याद करून थांबावे, हा अनुभव पायथॉनमध्ये मॅटप्लॉटलिब वापरणाऱ्याला कधी ना कधी येतोच. आकडे निर्दोष असतात, आणि फिर्याद ज्या ओळीवर उमटते ती ओळही बहुधा निरपराध असते. कसूर असते ती चार ओळी वर, सबप्लॉट्स या फंक्शनच्या शिरस्त्यात. दोन ओळी व तीन स्तंभ मागितले तर ते चौकटींचा द्विमितीय ॲरे देते, एकच ओळ मागितली तर एकमितीय, आणि एकच चौकट मागितली तर ॲरेचे वेष्टन काढून ती चौकटच हाती ठेवते. कारण ‘स्क्वीझ’ हा पर्याय आरंभापासूनच चालू ठेवलेला आहे. तेच फॉर-लूप एका ओळीच्या मांडणीत एकेक चौकट देते, तर दोन ओळींच्या मांडणीत अख्खी ओळ पुढे करते, आणि मग ॲरेला ‘प्लॉट’ ठाऊक नसल्याचे कळते.

या सवलतीमागचा हेतू मला मान्य आहे. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-संकेत पाहता यावेत या निकडीतून जॉन हंटर या संशोधकाने हे साधन उभारले आणि २००३ साली ते लोकांपुढे आले. पडद्यासमोर बसून एकच आलेख न्याहाळणाऱ्या अभ्यासकाची सोय हा त्याचा स्वभावधर्म आहे. परंतु चौकटींची संख्या जेथे आकडेवारी ठरवते आणि पाहायला कोणी हजर नसते, तेथे ही मुभा करारभंगासारखीच वाटते. मागणी कितीची होती यावर उत्तराचा प्रकार अवलंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. पांडाजमधील बॉक्सप्लॉटला तर काय परत द्यावे हे सांगण्यासाठी ‘रिटर्न टाइप’ असा स्वतंत्र पर्यायच आहे, आणि ‘बाय’ लिहून गट पाडताच उत्तराचे स्वरूप पुन्हा पालटते.

निदानासाठी मी प्रथम परत आलेल्या वस्तूचा प्रकार छापून पाहतो, आणि ॲरे असल्यास त्याचा ‘शेप’ही. ‘इफ’ लावून प्रकारांची छाननी करण्याची तजवीज मला रुचत नाही. प्रत्येक नव्या फंक्शनात ती पुन्हा करावी लागते. ‘स्क्वीझ’ला ‘फॉल्स’ द्यावे, म्हणजे एकच चौकट असली तरी द्विमितीय ॲरेच येतो, आणि ‘फ्लॅट’मधून चौकटी एकेक घेता येतात, मग केंद्र एक असो वा बारा, पुढच्या ओळीला हात लावावा लागत नाही.